मेंदूच्या तळाशी निळा उजेड

डीएनएच्या रचनेचा उलगडा करणारे फ्रान्सिस क्रिक उत्तरायुष्यात मेंदूकडे वळले. कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये असताना 1979 साली त्यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात एक लेख लिहिला आणि मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांकडे कोणतं हत्यार नाही, ते रोखठोक सांगून टाकलं. मेंदूत तऱ्हेतऱ्हेच्या चेतापेशी एकमेकींत गुंतून बसलेल्या असतात. त्यांतल्या एकाच जातीच्या पेशी तेवढ्या गप्प करता आल्या आणि शेजारच्यांना धक्का लागला नाही, तर कोणती पेशी कशासाठी आहे हे समजेल, असं त्यांचं म्हणणं होतं. वीस वर्षांनी, 1999 मध्ये, त्यांनी ही मागणी आणखी नेमकी केली. पेशींना हुकूम द्यायला प्रकाश सगळ्यांत चांगला आणि तोही शक्यतो अवरक्त, म्हणजे आत खोलवर पोचेल. ही कल्पना जरा अतिशयोक्त वाटेल, अशी कबुलीही त्यांनी सोबत देऊन ठेवली.

पुढच्या सहा वर्षांत या मागणीचा पहिला अर्धा भाग पुरा झाला. पेशी प्रकाशाच्या हुकमात आल्या, पण तो प्रकाश निळा होता. अवरक्ताचा उरलेला अर्धा भाग पुरा व्हायला फेब्रुवारी 2018 उजाडावा लागला, आणि त्याची किल्ली मेंदूशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसांनी पन्नास वर्षांपूर्वीच घडवून ठेवली होती. तिच्याकडे मेंदूवाल्यांचं लक्ष जायला इतका उशीर का लागला, हाच या इतिहासातला खरा रंजक भाग आहे.

क्रिक यांची तक्रार समजून घ्यायची तर त्या वेळी हाताशी काय होतं ते पाहायला हवं. होती ती वीज. 1870 साली बर्लिनमध्ये गुस्टाव्ह फ्रित्श आणि एडुआर्ड हिटझिग यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागाला विजेचा सौम्य स्पर्श केला आणि त्याचा पाय हलला. विद्यापीठात जागा नसल्यामुळे हे प्रयोग हिटझिगच्या राहत्या घरीच झाले, असं सांगतात. तिथून पुढचं शतकभर मेंदूला विचारायचे बहुतेक प्रश्न तारेच्या टोकानेच विचारले गेले. 1987 मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोब्ल इथे आलिम-लुई बेनाबिद या शल्यविशारदाला शस्त्रक्रिया चालू असताना दिसलं, की मेंदूच्या खोल भागात दर सेकंदाला शंभराच्या आसपास विजेचे ठोके दिले तर हाताचा कंप थांबतो. 'डीप ब्रेन स्टिम्युलेशन' म्हणून आज ओळखला जाणारा उपचार यातूनच उभा राहिला. अमेरिकेत त्याला 1997 मध्ये एका प्रकारच्या कंपासाठी आणि 2002 मध्ये पार्किन्सनच्या आजारासाठी, म्हणजे कंपवातासाठी, मान्यता मिळाली.

वीज काम करते, यात शंका नाही. पण तिला पेशींच्या जाती ओळखता येत नाहीत. तारेच्या टोकाभोवती असलेल्या सगळ्याच पेशी, आरपार जाणारे त्यांचे तंतू, चालना देणाऱ्या आणि आवर घालणाऱ्या अशा दोन्ही जाती एकदमच हलतात. औषधांना थोडीफार जात कळते, पण ती रक्तातून सगळीकडे पसरतात आणि त्यांचा असर तासांच्या हिशेबाने चालतो. चेतापेशीचा कारभार तर सेकंदाच्या हजाराव्या भागात उरकतो.

उत्तर निघालं ते खाऱ्या पाण्यातून. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या मिठागरात उन्हाळ्याच्या अखेरीस पाण्यावर तांबूस छटा चढते. ती आणणाऱ्यांत खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव असतात. 1971 मध्ये डीटर ओस्टरहेल्ट आणि वॉल्टर स्टोकेनियस यांनी अशाच एका लवणप्रेमी जीवाच्या आवरणात एक जांभळं प्रथिन दाखवून दिलं. ते आपल्या डोळ्यातल्या प्रकाशसंवेदी प्रथिनाच्या घडणीचं होतं, पण काम वेगळंच करत होतं. उजेड पडला की ते विद्युतभार असलेले कण पेशीच्या आवरणापलीकडे ढकलायचं. चेतापेशीची भाषा म्हणजे तरी काय, विद्युतभारित कणांची आत-बाहेर चाललेली ये-जा. आज मागे वळून पाहताना हे दोन धागे जोडणं सोपं वाटतं. त्या वेळी ते जोडून पाहण्याचं धाडस कुणी केलं नाही. असं परकं प्रथिन चेतापेशीत टाकलं तर ते मंदगतीने चालेल, पेशीला अपाय करेल आणि शिवाय त्याला लागणारं रेटिनल हे जीवनसत्त्व-अ वर्गातलं द्रव्य बाहेरून पुरवावं लागेल, असा सार्वत्रिक समज होता.

दुसरा जीव होता गोड्या पाण्यातलं क्लॅमिडोमोनास नावाचं एकपेशीय शैवाल. त्याला दोन शेपट्या आणि एक इवलासा डोळ्यासारखा ठिपका असतो, आणि उजेड दिसला की ते त्या रोखाने पोहतं. जर्मनीतले पेटर हेगेमान या पोहण्यामागची वीज मोजण्यात वर्षानुवर्षं गढलेले होते. 1991 मध्ये त्यांच्या गटाला असं आढळलं, की प्रकाश पडल्यावर या शैवालात प्रवाह इतक्या झटपट सुरू होतो, की प्रकाश टिपणारं प्रथिन आणि कणांना वाट देणारं दार ही एकच चीज असली पाहिजे. जपानमधल्या काझुसा संस्थेने या शैवालाच्या जनुकांची नोंदवही खुली केल्यावर नेमकं जनुक हाताला लागलं. फ्रँकफर्टच्या मॅक्स प्लांक संस्थेतले गेओर्ग नागेल आणि एर्न्स्ट बामबेर्ग यांनी हेगेमान यांच्या साथीने ते बेडकाच्या अंड्यात घालून पाहिलं, आणि निळा उजेड पडताच अंड्यात प्रवाह सुरू झाला. 2002 मध्ये पहिलं आणि 2003 मध्ये त्याहून कामाचं दुसरं, अशी दोन 'चॅनलऱ्होडॉप्सिन' प्रथिनं जगासमोर आली. दुसऱ्या शोधनिबंधात सस्तन प्राण्यांच्या पेशीतही ते प्रथिन चालतं हे दाखवलेलं होतं. आता फक्त चेतापेशीत घालून पाहायचं बाकी होतं.

इथे एक शर्यत झाली, आणि धावणाऱ्यांना ती शर्यत आहे हे माहीतच नव्हतं. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात झुओ-हुआ पान अंधत्वावर काम करत होते. दृष्टिपटलातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी मेल्या तरी मागच्या पेशी जिवंत राहतात. मग त्यांनाच प्रकाश टिपायला का शिकवू नये, असा त्यांचा साधा सरळ विचार होता. 2003 चा निबंध वाचून 2004 च्या सुरुवातीलाच त्यांनी उंदरांच्या दृष्टिपटलातल्या चेतापेशींत ते जनुक घातलं आणि पेशी उजेडाला जागल्या. निबंध लिहून त्यांनी तो एका अग्रगण्य नियतकालिकाकडे पाठवला, पण तो साभार परत आला. शेवटी 2006 मध्ये तो 'न्यूरॉन'मध्ये छापून आला, तेव्हा श्रेय वाटून झालेलं होतं.

ते गेलं होतं स्टॅनफर्डला. मनोविकारतज्ज्ञ कार्ल डायसरॉथ आणि विद्यार्थिदशेतले एडवर्ड बॉयडन यांनी नागेल यांच्याकडून ते जनुक मागवलं होतं, आणि फेंग झांग या दुसऱ्या विद्यार्थ्याने ते विषाणूवर चढवून पेशीत पोचवण्याची वाट पक्की केली. क्रिक जुलै 2004 च्या अखेरीस वारले. ऑगस्टच्या सुरुवातीला एका मध्यरात्री बॉयडन यांनी सूक्ष्मदर्शकाखालच्या चेतापेशीवर निळ्या उजेडाचा ठिपका टाकला आणि ती ठोका दिल्यासारखी उडाली. प्रत्येक ठिपक्याला एक ठोका. रेटिनल बाहेरून घालावं लागलं नाही, ते सस्तन प्राण्याच्या मेंदूत आधीच पुरेसं असतं. वर्षानुवर्षं ज्या आक्षेपामुळे लोक मागे हटले होते, तो एका रात्रीत निकालात निघाला. 2005 मध्ये निबंध प्रसिद्ध झाला, आणि पुढच्या वर्षी या तंत्राला ऑप्टोजेनेटिक्स हे नाव मिळालं. पान यांच्या पदरी आलेली उपेक्षा मला तरी विज्ञानाच्या इतिहासातल्या दुर्दैवी चुकामुकीत घालावीशी वाटते. फसवणूक कुणीच केली नव्हती, पण न्यायही झाला नाही.

पुढची काही वर्षं बहराची होती. विषाणूला अशी खूण जोडता येते, की जनुक ठरावीक जातीच्या पेशीतच चालू होतं. म्हणजे क्रिक यांना हवी असलेली निवड आपोआप साधली. आवर घालणारी प्रथिनंही मिळाली, त्यांतलं एक इजिप्तमधल्या क्षारयुक्त सरोवरातल्या जीवाचं होतं. 2012 मध्ये एमआयटीत सुसुमू तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत एका भीतिदायक प्रसंगाची आठवण साठवणाऱ्या पेशी हेरून, उजेडाने त्या जागवून, उंदराला ती आठवण पुन्हा करून दिली गेली. पुढच्या वर्षी त्यांनी उंदराला न घडलेल्या प्रसंगाची भीतीही बसवून दाखवली.

पण या सगळ्या प्रयोगांतल्या उंदराच्या डोक्यातून एक दोर बाहेर येत असे. 2007 पासून रूढ झालेली पद्धत अशी. कवटीला भोक पाडायचं, जेमतेम काही दशांश मिलिमीटर जाडीचा काचतंतू मेंदूत नेमक्या ठिकाणापर्यंत उतरवायचा, दंतवैद्य वापरतात तसल्या सिमेंटने तो कवटीला पक्का करायचा आणि दुसरं टोक लेझरला जोडायचं. झोपेवरचा त्या वर्षीचा गाजलेला प्रयोग असाच झाला. मेंदूच्या खोलातल्या, जाग ठेवणाऱ्या पेशींवर निळा उजेड पडला की गाढ झोपलेला उंदीर लवकर जागा व्हायचा. पण तंतू उतरताना वाटेतला मेंदू चिरत जातो. महिनोन्‌महिने आत राहिला तर त्याच्याभोवती व्रण धरतो. आणि दोराला बांधलेला उंदीर इतर उंदरांत मोकळेपणाने मिसळत नाही, की बिळात शिरत नाही.

तंतूवाचून सुटका नव्हती, कारण निळा प्रकाश मेंदूत शिरतच नाही. मेंदू दह्यासारखा अपारदर्शक असतो. त्यातले असंख्य बारीक पडदे आणि तंतू प्रकाशाला इकडेतिकडे विखरून टाकतात आणि रक्तातलं हिमोग्लोबिन उरलासुरला निळा गिळून टाकतं. एखाद्या मिलिमीटरातच बहुतेक सगळा खेळ संपतो. उंदराच्या मेंदूत डोपामिन बनवणाऱ्या पेशींचा एक महत्त्वाचा पुंजका कवटीखाली चार मिलिमीटरहून खोल आहे. माणसाच्या मेंदूत हीच अंतरं सेंटिमीटरच्या हिशेबात जातात. लाल रंगापलीकडचा जवळचा अवरक्त प्रकाश मात्र कमी विखुरतो, रक्तही त्याला फारसं अडवत नाही. क्रिक यांनी अवरक्त मागितला तो उगाच नव्हे. अडचण अशी, की त्याच्या प्रत्येक कणात इतकी कमी ऊर्जा असते, की शैवालाचं ते प्रथिन त्याला दाद देत नाही.

मेंदू पाहणाऱ्यांचीही गोची हीच होती. 1990 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी एक युक्ती वापरली. दोन अवरक्त कण एकाच क्षणी एका रेणूवर आदळले, तर दोघांची ऊर्जा मिळून एका दृश्य कणाचं काम होतं. हे शक्य आहे असं मारिया ग्योपर्ट-मायर यांनी 1931 मध्ये, गॉटिंगेनच्या आपल्या प्रबंधाच्या आधारे, कागदावर मांडलं होतं. या सूक्ष्मदर्शकाने जिवंत मेंदूत डोकावता येऊ लागलं. पण दोन कण नेमक्या एकाच क्षणी यायला हवेत, म्हणून लेझर प्रचंड तीव्र आणि अचूक रोखलेला लागतो, आणि तरीही नजर वरच्या थरापलीकडे फारशी जात नाही. कवटीबाहेरून सहज प्रकाश पाडून मेंदूच्या तळाशी काही घडवणं या वाटेने जमणारं नव्हतं.

आता मेंदू बाजूला ठेवून स्वीडनला जाऊ. स्टॉकहोमजवळच्या एका बेटावर युटर्बी नावाचं खेडं आहे. तिथल्या खाणीत 1787 मध्ये कार्ल आक्सेल अऱ्हेनियस या लष्करी अधिकाऱ्याला एक काळा, जड दगड सापडला. त्या दगडातून आणि त्याच्यासारख्या खनिजांतून रसायनज्ञ पुढची शंभर वर्षं एकेक नवं मूलद्रव्य बाहेर काढत राहिले. यट्रियम, टर्बियम, अर्बियम आणि यटर्बियम या चौघांची नावं या एकाच खेड्यावरून पडली आहेत. थुलियम हे त्यांचं भावंड 1879 मध्ये सापडलं. ही सगळी दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं. त्यांचे गुणधर्म एकमेकांशी इतके जुळतात, की वेगळी करता करता रसायनज्ञांच्या नाकी नऊ आले. पण प्रकाशाच्या बाबतीत त्यांना एक दुर्मीळ गुण आहे. त्यांच्या अणूंमधले महत्त्वाचे इलेक्ट्रॉन बाहेरच्या कवचाआड झाकलेले असतात, त्यामुळे एकदा चढलेली ऊर्जा ते लगेच सोडून देत नाहीत. सेकंदाच्या लाखाव्या, कधी हजाराव्या भागापर्यंत धरून ठेवतात. अणूंच्या जगात हा फार मोठा काळ आहे.

1852 मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी सांगून ठेवलं होतं, की चमकणारा पदार्थ जो प्रकाश देतो, तो घेतलेल्या प्रकाशापेक्षा कमी ऊर्जेचा असतो. निळा घेऊन हिरवा किंवा लाल देणं हा नेहमीचा व्यवहार. उलटा व्यवहार होऊ शकेल का? 1959 मध्ये निकोलास ब्लोम्बर्गन यांनी सुचवलं, की ऊर्जा धरून ठेवणारा अणू मिळाला तर त्यावर एकामागून एक अवरक्त कण चढवता येतील. ते एकाच क्षणी यायची गरज नाही.

हे प्रत्यक्ष झकास जमवून दाखवलं फ्रान्सच्या दूरसंचार खात्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या फ्राँस्वा ओझेल यांनी, 1966 मध्ये. ते अर्बियमचा लेझर सुधारण्याच्या मागे होते. अर्बियम प्रकाश कमी शोषतं, म्हणून त्याच्या शेजारी यटर्बियम मिसळायची कल्पना. यटर्बियम 980 नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश भरपूर शोषून शेजाऱ्याला देतं. ओझेल यांना प्रश्न पडला, की शेजारी आधीच चढून बसलेला असेल, तर दुसरी खेप त्याला आणखी वर नेईल का? नेली. काचेवर अवरक्त टाकला आणि अर्बियममधून हिरवा उजेड बाहेर पडला. थुलियम मिसळलं तर निळा. चिल्लर गोळा करत बसावं आणि पुरेशी झाली की तिची नोट करून घ्यावी, तसा हा व्यवहार आहे. त्याला 'अपकन्व्हर्जन' म्हणतात. निळ्या कणासाठी थुलियमला यटर्बियमकडून तीन-चार खेपा घ्याव्या लागतात. त्याच वर्षी सोव्हिएत संघात ओव्हस्यान्किन आणि फेओफिलोव्ह यांनाही स्वतंत्रपणे हेच आढळलं.

मग ही गोष्ट पडून का राहिली? वापर मिळाला, पण किरकोळ. अवरक्त दिवा स्वस्त होता आणि हिरवा दिवा बनवणं कठीण, तेव्हा अवरक्त दिव्यावर हे द्रव्य लावून हिरवे सूचक दिवे करण्याची खटपट सत्तरच्या दशकाच्या उंबरठ्यावर झाली. थेट हिरवे दिवे चांगले निघाल्यावर ती बारगळली. लेझरचा अदृश्य ठिपका दिसावा म्हणून प्रयोगशाळांत वापरायची कार्डं आणि बनावट नोटा ओळखण्याच्या खुणा एवढ्यावर हे द्रव्य तग धरून राहिलं. शिवाय ते भुकटीच्या किंवा काचेच्या रूपात होतं. जिवंत पेशीजवळ न्यायचं तर ते पेशीपेक्षाही कितीतरी बारीक आणि पाण्यात टिकणारं हवं होतं.

ते काम या शतकाच्या सुरुवातीला झालं. सोडियम, यट्रियम आणि फ्लोरिन यांच्या स्फटिकात हा व्यवहार सर्वांत चांगला चालतो हे 1972 पासून माहीत होतं. 2003-04 च्या सुमारास युरोपातल्या रसायनज्ञांनी त्याचे द्रवात तरंगणारे नॅनोकण बनवले. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात शिआओगांग लिऊ यांच्या गटाने 2010 पासून या कणांचा आकार, घडण आणि रंग हवा तसा वळवण्यात हातखंडा मिळवला. कणाच्या गाभ्यात कोणतं मूलद्रव्य किती घालायचं, वर कसलं कवच चढवायचं, की ऊर्जा पृष्ठभागावरून गळून जाणार नाही, अशी ही कारागिरी. जपानच्या तोहोकू विद्यापीठातल्या गटाने 2015 मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या चेतापेशी या कणांच्या मदतीने अवरक्त प्रकाशाने चालवून दाखवल्या. जिवंत, हिंडत्या-फिरत्या प्राण्याच्या मेंदूच्या तळापर्यंत मात्र अजून कुणी पोचलं नव्हतं.

जपानमध्येच, तोकियोजवळच्या वाको इथल्या रिकेन मेंदूविज्ञान संस्थेत, शुओ चेन हे तरुण संशोधक थॉमस मॅक्ह्यू यांच्या प्रयोगशाळेत काम करत होते. मॅक्ह्यू तोनेगावा यांच्या हाताखाली तयार झालेले, म्हणजे आठवणी धरणाऱ्या पेशींशी त्यांचा जुना परिचय. चेन यांनी लिऊ यांच्याशी हातमिळवणी केली, आणि 9 फेब्रुवारी 2018 च्या 'सायन्स'मध्ये त्यांचा निबंध आला.

त्यातला मुख्य प्रयोग असा. डोपामिन बनवणाऱ्या पेशींतच चालेल अशा खुणेने शैवालाचं जनुक विषाणूमार्फत उंदराच्या मेंदूत घातलं. त्याच ठिकाणी, कवटीपासून चार मिलिमीटरहून खोल, यटर्बियम-थुलियमच्या कणांची सुई टोचली. या कणांवर सिलिकाचं, म्हणजे काचेच्याच जातीचं, पातळ आवरण होतं, म्हणून ते पाण्यात टिकत आणि ऊतीला अपाय करत नसत. थुलियमचा निळा आणि शैवालाच्या प्रथिनाला हवा असलेला निळा हे जवळजवळ एकच. मग सुई काढून घेतली, आणि काही दिवसांनी कवटीबाहेरून 980 नॅनोमीटरचा अवरक्त लेझर सोडला. त्या जागी आता ना तंतू होता, ना तार, होते ते फक्त कण. मेंदूच्या दुसऱ्या भागात बसवलेल्या मापकात डोपामिन सुटल्याची नोंद झाली. नुसता निळा प्रकाश बाहेरून टाकला असता, तर त्या खोलीवर नाव घेण्याजोगं काही पोचलं नसतं.

बाकीचे प्रयोग त्याच वाटेने गेले. मेंदूच्या मध्यभागातल्या, इतरांना आवर घालणाऱ्या पेशी ठरावीक लयीत जागवल्या, तर मेंदूतल्या लहरीही त्या लयीत आल्या. थुलियमऐवजी अर्बियम घालून हिरवा उजेड देणारे कण केले आणि हिरव्या उजेडाने गप्प होणारं प्रथिन पेशींत घातलं. अपस्मारासारख्या झटक्यात बेफाम होणाऱ्या, मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या पेशी त्यामुळे शांत झाल्या. शेवटचा प्रयोग मॅक्ह्यू यांच्या घराण्याला शोभणारा. एका पेटीत हलका झटका बसलेल्या उंदराच्या मेंदूत ती आठवण धरणाऱ्या पेशी खूण करून ठेवल्या. नंतर एका वेगळ्या, निर्धोक जागी अवरक्त किरण सुरू करताच तो उंदीर जागच्या जागी थिजला.

अवरक्त किरण डोळ्याला दिसत नाही. उंदराच्या दृष्टीने काहीही घडलं नव्हतं आणि तरीही तो घाबरला. हे वाचून मनावर दुरून ताबा मिळवण्याच्या गोष्टी सुचणं साहजिक आहे. 1963 मध्ये होसे डेलगाडो यांनी स्पेनमधल्या कोर्दोबात रेडिओच्या बटणाने धावत्या बैलाला थांबवलं, तेव्हाही जगभर हीच भीती उठली होती. माझ्या मते इथे ती अनाठायी आहे. परकं जनुक विषाणूतून मेंदूत घालायचं, वर त्याच जागी सुईने कण टोचायचे, आणि मग लेझर डोक्याजवळ आणायचा, एवढा सरंजाम कुणाच्या नकळत होत नाही.

खरे प्रश्न दुसरे होते आणि ते रसायनज्ञ तेव्हाही मान्य करत. अवरक्तातून निळा बनवण्याचा हा व्यवहार फार तोट्याचा आहे, घेतलेल्या ऊर्जेचा छोटासा अंशच निळा होऊन बाहेर पडतो. म्हणून लेझर वाढवावा लागतो, आणि 980 नॅनोमीटरचा प्रकाश पाणीही शोषतं, त्यामुळे मेंदू तापू शकतो. चेन यांच्या गटाने प्रकाश सलग न सोडता छोट्या ठोक्यांत सोडला, तो तापमान आटोक्यात ठेवायला. तिसरा प्रश्न असा, की हे कण विरघळत नाहीत. काही आठवड्यांत ते जागचे हलले नाहीत ही चांगली गोष्ट, पण माणसाच्या मेंदूत ते पन्नास वर्षं काय करतील?

इतर लोक थांबले नव्हते. स्टॅनफर्डचे गुओसोंग होंग यांनी 2014 मध्येच, होंगजिए दाई यांच्या प्रयोगशाळेत असताना, दुसऱ्या दिशेने तोड काढली होती. कार्बनच्या नॅनोनळ्या रक्तात सोडल्या. त्या अवरक्त घेऊन आणखी लांब तरंगांचा, 1300 ते 1400 नॅनोमीटरचा, अवरक्त परत देतात. तो कवटीतून नीट बाहेर येतो, म्हणून कवटी न उघडता उंदराच्या मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या दोन मिलिमीटरहून खोलवर दिसल्या. 2019 मध्ये त्यांच्याच गटाने झिंक सल्फाइडचे कण वापरले. हे कण कातडीजवळच्या रक्तवाहिनीत प्रकाशाने भरले जातात, रक्तासोबत मेंदूत पोचतात आणि तिथे अल्ट्रासाउंडचा दाब पडला की निळा उजेड सोडतात. मेंदूपाशी अवरक्तसुद्धा नको, नुसता ध्वनी पुरे. चीनमधल्या हफेई इथे त्याच वर्षी उंदरांच्या डोळ्यात अपकन्व्हर्जनचे कण टोचून त्यांना अवरक्त 'दाखवण्यात' आलं. 2025 मध्ये त्याच गटाने असे कण कॉन्टॅक्ट लेन्समध्ये घातले आणि माणसांना अवरक्ताची उघडझाप ओळखता आली.

आणि खुद्द डायसरॉथ यांनी कणांचीच गरज संपवण्याची वाट धरली. एका सागरी एकपेशीय जीवातलं 'सीएचआरमाइन' हे प्रथिन लाल प्रकाशाला इतकं संवेदनशील निघालं, की कवटीबाहेरून पडणारा क्षीण प्रकाशही त्याला पुरतो. 2020 मध्ये त्यांच्या गटाने या मार्गाने उंदराच्या मेंदूत सात मिलिमीटर खोल पेशी चालवल्या. जनुकही रक्तातून पाठवता आलं, सुईने मेंदू टोचावा लागला नाही. ओझेल यांची काचेतली जादू आणि युटर्बीचे धातू यांच्याविना क्रिक यांच्या इच्छेच्या जवळ जाता येतं, हे यातून दिसलं. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाला आज दोन्हींतून निवड करायची झाली, तर तो बहुधा सोपी वाट, म्हणजे प्रथिनाची, धरेल. कणांचं पारडं जड होतं ते एकाच जागी दोन-तीन वेगवेगळ्या रंगांची गरज असेल, किंवा अगदी नेमक्या ठिकाणीच उजेड हवा असेल तेव्हा.

माणसापर्यंत यातलं जे पोचलं, ते पान यांनी दाखवलेल्या वाटेने. मे 2021 मध्ये पॅरिस आणि बाझेलच्या गटाने रेटिनायटिस पिगमेंटोसाने अंध झालेल्या 58 वर्षांच्या एका माणसाच्या डोळ्यात शैवालाच्या कुळातलं प्रथिन घालून, खास चष्म्याच्या मदतीने, त्याला समोरच्या टेबलावरच्या वस्तू ओळखता येतात इतकी दृष्टी परत दिली. डोळा सोयीचा, कारण तिथे प्रकाश मुळातच पोचतो. मेंदूच्या तळाशी मात्र अपकन्व्हर्जनचे कण अजून फक्त प्राण्यांतच गेले आहेत. कंपवाताच्या रुग्णावर आजही प्रामुख्याने जी शस्त्रक्रिया होते, ती ग्रनोब्लच्या पद्धतीने तार उतरवण्याचीच.